घरची सरी

निळा रंग म्हटला की कुणाला आभाळ आठवतं, कुणाला समुद्र; मला माझ्या वडिलांचे हात आठवतात. कोपरापर्यंत निळे, नखांच्या कडांना त्याहून गडद, आणि तळहाताच्या रेषांत तर तो निळेपणा असा मुरलेला, की आईने राखेने घासून दिले तरी दिवाळी होऊन जाईपर्यंत निघायचा नाही. द्राक्षांची छाटणी उरकली की बागेवर मोरचुदाचं पाणी फवारलं जायचं, आणि उन्हं वर येईस्तोवर सगळी बाग — खोडं, तारा, मांडवाचे खांब, बांधावरचं गवत, आप्पांच्या भुवया — निळसर होऊन जायची. दोरीवर वाळणारा सदरा निळा, चुकून बागेत शिरलेल्या शेळीचे कान निळे... आमच्या वस्तीवरच्या विहारावर झेंडा होता, तोही निळा. लहानपणी मला खरोखर वाटायचं, की तो झेंडा आणि आप्पांचे हात एकाच पिंपात बुडवून काढलेले आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत मी मैत्रिणींना बोट दाखवून सांगायचे, ते निळ्या हातांचे आहेत ना, ते माझे आप्पा.

मिश्रण करायचा दिवस म्हणजे आमच्या घरात सणासारखा. आदल्या सांजेला एका पिंपात मोरचूद भिजत घातलेलं असायचं. सकाळी दुसऱ्या पिंपात कळीचा चुना पडला की तो फसफसून उठायचा, त्याची गरम, कोरडी, नाकाला चावणारी वाफ अंगणभर पसरायची, आणि आई आतून ओरडायची, पोरीला लांब ठेवा. मी लांब कसली राहते! दोन्ही पिंपांतलं पाणी एकदम तिसऱ्या पिंपात ओतलं जाई, आणि त्या दोन धारांच्या मिठीतून तो रंग उमटे — आभाळाला लाजवेल असा. मग आप्पा विळा मागायचे. घासून लख्ख केलेला तो विळा आणून द्यायचा मान माझा होता. तो पिंपात बुडवायचा, थोडा वेळ धरायचा, वर काढायचा. पात्यावर तांबूस छटा चढली तर चुना कमी पडला, वेलीची पानं करपणार. पातं जसं गेलं तसं निघालं तर जमलं. "इळा खोटं बोलत न्हाय, सुजे," आप्पा म्हणायचे, आणि मी त्या पात्याकडे एखाद्या पंचाच्या तोंडाकडे बघावं तशी बघत राहायचे.

आज मागे वळून पाहताना वाटतं, वेलीच्या कोवळ्या पानाला काही होऊ नये म्हणून केवढी ती काळजी...

आमचा मळा पिंपळीच्या पुढे, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कालव्याच्या वरच्या अंगाला. वरच्या अंगाला म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. खाली पाणी आणि ऊस, वर मुरूम आणि कुसळं. ही जमीन आजोबांच्या वाट्याला का आली, हेही सांगावं लागत नाही. गावच्या विहिरीवर ज्याला ओंजळ पुढे धरून उभं राहावं लागे, त्या माणसाने धम्म घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर या माळावर विहीर खणायला घेतली. सुरुंग लावून, दगड फोडून, डोक्यावर मुरूम वाहून आजी-आजोबांनी ती पुरी केली. तिला पाणी लागलं तेव्हा आजोबा म्हणे काठावर बसून रडले होते. तेव्हापासून आमच्या घरची एक रीत पडली: पाहुणा आला की चहाच्या आधी तांब्या. आणि तांब्या हातात देताना म्हणायचं, "आमच्या इहिरीचं हाय." आजोबा म्हणायचे, मग आप्पा म्हणायला लागले, साधा पोस्टमन आला तरी त्याला हे वाक्य ऐकल्याशिवाय पाणी मिळायचं नाही.

विहिरीला लागून सिमेंटचा हौद होता. औषधं त्या हौदावर कालवली जायची, कारण पाणी तिथे. पंप, पिंपं, बादल्या तिथेच धुतल्या जायच्या, कारण पाणी तिथे. आणि हौदाच्या पायथ्याशी, बाग जिथे संपते तिथे, होती आमची घरची सरी.

घरची सरी म्हणजे काय, हे आता शहरातल्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे बागायतदार माणूस विकायच्या मालावर काय वाट्टेल ते फवारतो, पण घरात शिजवायच्या भाजीची एक सरी वेगळी राखतो, आणि तिच्यावर औषधाचा थेंब पडू देत नाही. आमच्या सरीत वांगी, गवार, चार मिरच्या, टोमॅटो, आणि शेवटाला एक द्राक्षाचा वेल होता — आमच्यापुरता. फवारणी करत करत आप्पा त्या बाजूला आले की आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचे, नळीचं तोंड दाबायचे, पंप चालवणाऱ्या आईला हात करून थांबवायचे. शेवटच्या दोन ओळी उलट्या अंगाने, पाठमोरे होऊन मारायचे, म्हणजे तुषार सरीकडे उडू नये. "हे लेकरांचं हाय. हिकडं न्हाय," असं ते वाऱ्यालाच बजावल्यासारखं म्हणायचे. माझ्या बापाच्या प्रेमाची मला माहीत असलेली सगळ्यात ठळक खूण कोणती, असं कुणी विचारलं तर मी ती पाठमोरी आकृती सांगेन. निळी, ठिबकणारी, आणि आमच्या वांग्यांना पाठीशी घातलेली.

आणि फवारणी संपली की ते हौदावर पंप धुवायचे.

ते धुतलेलं पाणी कुठे जायचं? माळावरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तो पाणी टाकत नाही. जिथे मार्चनंतर विहिरीचा तळ दिसायला लागतो, तिथे अंघोळीचं पाणी केळीला, भांड्यांचं पाणी अळूला, आणि हौदावरचं पाणी... हौदाच्या मोरीपासून एक बोटभर खोल पाट आप्पांनीच काढला होता. तो थेट घरच्या सरीत जायचा. पंप धुतल्याचं पाणी, पिंप खंगाळल्याचं पाणी, आईने त्याच दगडावर बसून उघड्या हातांनी धुतलेल्या फवारणीच्या कपड्यांचं पाणी, सगळं त्या पाटाने वाकडं-तिकडं पळत सरीत जाऊन मुरायचं. थेंब वाया जात नसे. या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता, आणि येणाजाणाऱ्यालाही कौतुक वाटायचं.

मी त्या पाटात होड्या सोडायचे. काय सुरेख पाणी असायचं ते! कधी निळं, कधी दुधासारखं पांढरं, कधी पिवळसर आणि वर तेलाचे इंद्रधनुष्यी डोळे तरंगणारं. द्राक्षाचं वाळकं पान होडीसारखं वळतं, त्यात एक मुंगळा प्रवासी म्हणून बसवायचा, आणि पाटाच्या कडेकडेने पळत त्याला सरीपर्यंत पोचवायचं. मुंगळे बहुतेक वेळा वाटेतच गप्प पडायचे. मला वाटायचं, प्रवासाने दमले. वास मात्र अजून नाकात आहे: ओल्या मातीचा, कुजक्या लसणासारखा, त्यात गोडसर रॉकेलची झाक... वर्गात मुलांना पावसाळ्यावर निबंध घालते तेव्हा सगळी मातीच्या सुगंधावर लिहितात, आणि माझ्या नाकात हा वास येतो.

त्या सरीची वांगी पाहायला लोक थांबायचे. काळीभोर, तुकतुकीत, देठ हिरवेगार, आणि एकाही वांग्याला भोक नाही. शेजारचे लोक वांग्यावर औषध मारून मारून थकले तरी अळी हटत नव्हती, आणि आमच्या बिनफवारणीच्या सरीत किडा औषधाला सापडत नव्हता! "इहिरीचं पाणीच तसं हाय," आप्पा मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे. आई ती वांगी चिरताना कधी आत बघायचीसुद्धा नाही, अख्खीच भरायची, दाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून. आत्याच्या घरी पिशवी जायची, मामाकडे जायची, वस्तीवर कुणाची लेक बाळंतपणाला आली की तिला हमखास जायची. माझ्या वेळी मी माहेरी आले तेव्हा पहिल्या दिवशी ताटात भरली वांगीच होती. डॉक्टरांनी जपून खायला सांगितलंय, असं मी म्हटलं तर आई हसली. "घरच्या सरीचं हाय गं. हे बाधत न्हाय."

मी दोनदा वाढून घेतलं.

फवारणीच्या सीझनला आप्पांना 'औषध लागायचं.' हा आमच्याकडचा शब्द, ऊन लागावं इतका साधा. दुपारी ते लिंबाखाली येऊन आडवे व्हायचे, डोकं धरून, कधी भडाभडा ओकून. आई गुळाचा खडा द्यायची, लिंबू पिळायची, आणि संध्याकाळी ते पुन्हा उठून चालते व्हायचे. त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटायचं नाही. दर रविवारी ते भिगवणला जाऊन उजनीचा मासा आणायचे. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीला डोकावणारी शेपटी, आणि घरभर हळद-मिठाचा, आंबूस, भुकेला चाळवणारा वास. तो मासासुद्धा आता मला निर्धास्तपणे आठवता येत नाही. पुण्याची सगळी घाण पोटात घेऊन नदी जिथे येऊन थांबते, त्या पाण्यातला तो मासा. माझ्या लहानपणातला एक घास तरी कुणी स्वच्छ ठेवलाय का?

पण ज्या माणसाला आमच्याकडे सगळ्यात जास्त मान होता, तो होता सॅम्पलवाला. द्राक्षं परदेशात जायला लागली होती, आणि तोडणीच्या आधी व्यापाऱ्याचा एक माणूस मोटारसायकलवरून यायचा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. बागेत आडवा-तिडवा फिरून तो इथला घड, तिथला घड कात्रीने अलगद काढायचा, पिशवीत घालून सील करायचा. ही द्राक्षं तपासायला जायची. औषधाचा अंश किती उतरलाय ते बघायचे म्हणे, अगदी कणाच्या कणाचा हिशेब. तिकडच्या गोऱ्या लेकरांच्या पोटात काही जाऊ नये. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. रिपोर्ट चांगला आला की तो माणूस स्वतः पळत यायचा, लांबूनच हॉर्न वाजवत, पेढ्यांचा पुडा घेऊन. वाईट आला की येत नसे, आणि त्याचा फोनही लागत नसे. आप्पा मग रस्त्याकडे बघत ओट्यावर बसून राहायचे. कुणी काही सांगायची गरजच उरत नसे.

तो सॅम्पलवाला आमच्या हौदावर पाय धुवायचा. आमच्या विहिरीचा तांब्या तोंडाला लावायचा, आणि "पाणी लई गोड हाय तुमचं," असं म्हणायचा. त्याच्या बॅगेत रिकाम्या पिशव्या असायच्या. एक पिशवी त्याने कधी त्या पाण्याने भरली नाही.

मी मोठी झाले, शिकले, बारामतीच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. लग्न झालं, मैत्री झाली. मैत्री म्हणजे माझी मुलगी, आता पहिलीत आहे. आणि या सगळ्या काळात कधीतरी आप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, जणू ते दोन बोटांत तंबाखूची चिमूट चोळतायत, मग मनगट, मग चहाचा कप बशीवर वाजू लागला. ज्या हातात तो विळा जराही हलत नसे, त्या हाताला आता सदऱ्याचं बटण सापडत नाही. बाग त्यांनी वाट्याने दिली. त्यांच्या पाठोपाठ आईचे पाय सुजले. मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत असं कळलं, तोवर फार उशीर झाला होता. ती यंत्राला जोडून घ्यायला बारामतीला यायची, माझ्या घरी उतरायची, आणि प्रत्येक वेळी येताना पिशवीत वांगी असायची. परवाच्या उन्हाळ्यात ती गेली.

डॉक्टर चांगले होते, समजुतीने बोलायचे. त्यांनी केसपेपरवर विचारलं: साखर आहे का? नाही. रक्तदाब? नव्हता. तंबाखू, मिसरी? मिसरी लावायची. ते त्यांनी लिहून घेतलं. आप्पांना विचारलं: दारू? नाही. घराण्यात कुणाला कंप? नाही. मी वाट बघत होते. या तालुक्यात, जिथे निम्म्या घरांच्या पडवीत औषधाच्या बाटल्या असतात, तिथे कुणीतरी विचारेल की तुम्ही आयुष्यभर काय फवारलंत, कशात हात घातलेत, कुठलं पाणी प्यालात... कुणी विचारलं नाही. त्या कागदावर त्यासाठी जागाच नव्हती. मी स्वतः विचारलं, औषधांमुळे झालं असेल का? डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सांगता येत नाही." दुसऱ्यांनी तेच सांगितलं, तिसऱ्यांनीही तेच. मला या तीन शब्दांचा एवढा संताप येतो, की वर्गात एखादा मुलगा 'सांगता येत नाही, बाई' म्हणाला तरी माझा आवाज चढतो. सांगता कसं येईल? बघितलं तर सांगता येईल ना! द्राक्षाच्या एका मण्यात काय आहे ते समुद्रापलीकडच्या माणसाला सांगता येतं. तो मणी फुगावा म्हणून ज्या बाईने उघड्या हातांनी घड न् घड औषधात बुडवला, तिच्या रक्तात काय आहे ते इथल्या इथे सांगता येत नाही.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी मैत्रीला घेऊन मळ्यावर गेले होते. वाटेकऱ्याने बाग फवारली होती, आता ट्रॅक्टरच्या ब्लोअरने; धुकं उठावं तसं औषध उठलं होतं आणि हळूहळू बसत होतं. मी ओट्यावर धान्य निवडत होते. मैत्रीचं हसणं ऐकू आलं म्हणून मान वर केली. वाटेकरी हौदावर टाकी धूत होता. मोरीतून दुधासारखं पांढरं पाणी पाटात पळत होतं. आणि पाटाच्या कडेला माझी पोर उकिडवी बसून द्राक्षाच्या वाळक्या पानाची होडी सोडत होती. "आई, मुंगळा झोपला बघ!"

सूप हातातून कधी सुटलं ते कळलं नाही. तिला उचलून विहिरीकडे नेलं, हात धुवायला बादली उपसली, आणि बादली हातात धरून तशीच उभी राहिले. कारण तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हौद, पाट, सरी, आणि सरीपासून हाकेवर सुद्धा नाही, हात लांबवला तर लागेल अशी विहीर. वांग्यांना भोक का पडत नव्हतं, ते दिसलं. आप्पा आयुष्यभर ज्या सरीकडे पाठ करून वाऱ्याशी भांडले, तिच्या मुळांना ते स्वतःच्या हाताने रोज काय पाजत होते, ते दिसलं.

मी बाटल्या भरल्या. विहिरीचं पाणी, सरीची माती, चार वांगी. आप्पा ओट्यावरून बघत होते. "कशाला गं?" म्हणाले. मी म्हटलं, शाळेत मुलांना दाखवायला. पुण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी ते देऊन आले. काही दिवसांनी तिथल्या मुलीचा फोन आला. बिचारी फार अदबीने बोलत होती. मॅडम, हे पाणी कुणी पीत असेल तर थांबवा. मातीत मोरचुदातलं तांबं भरपूर साचलंय. आणि वांगी... मॅडम, वांग्यांत द्राक्षावरची औषधं आलीत, मुळातून चढलीत. ही भाजी फवारलेली आहे का? मी म्हटलं, नाही हो. ही आमच्या घरची सरी आहे.

तेव्हापासून मी रागात आहे, आणि हा राग कुणावर काढावा ते मला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांवर निघतो. औषधाच्या दुकानदारावर, जो आप्पांना 'हे जरा कडक हाय, ह्याच्यात हे बी मिसळा' असं सांगून दोन बाटल्या हातात ठेवायचा, पण धुतलेलं पाणी कुठे टाकायचं ते कधी बोलला नाही. बाटलीवरच्या त्या घडी घातलेल्या कागदावर, ज्यावर पाण्यापासून दूर धुवा असं लिहिलेलं असतं. इतक्या बारीक अक्षरांत, की ते वाचायला भिंग लागावं. मी मराठीची शिक्षिका आहे, मला ते मराठी वाचता आलं नाही. शिबिरं घेऊन उत्पादन वाढवायला शिकवणाऱ्यांवर. सॅम्पल नेणाऱ्यांवर. आणि मुख्य राग या गोष्टीचा, की आजोबांनी शिवलं तर पाणी बाटतं म्हणणारं अख्खं गाव होतं, प्रत्येकाला त्याची जाण होती, पहारा होता, शिक्षा होती. आमचं पाणी खरोखर बाटलं तेव्हा कुणाला पत्ता नाही, कुणी ब्र काढला नाही.

आणि यातलं काहीच मी आप्पांना सांगू शकले नाही. पाणी पिऊ नका म्हटलं तर का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं तर त्यांच्याजवळ उरणार काय? बाग गेली, हात गेला, बायको गेली. एवढं एकच होतं की आपण लेकरांच्या ताटात कधी विष पडू दिलं नाही. ते मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ? फिल्टर बसवून देते म्हटलं, पेरूचं रोप लावू सरीत, वांगी उपटू म्हटलं. ते नुसते हं म्हणायचे. दर रविवारी मी बाजारातून भाजी नेऊन द्यायचे, मैत्रीसाठी घरून पाण्याची बाटली न्यायचे. मैत्रीला साधा ताप आला तरी मी रात्रभर तिच्या अंगावर हात ठेवून बसते, ते वेगळंच.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा मैत्री उतरल्या उतरल्या टोपली घेऊन पळाली, आजीसारखी वांगी तोडायला. मी हाक मारणार, तेवढ्यात आप्पा ओट्यावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. पण त्या दिवशी ते झपाट्याने गेले, तोल जात होता तरी. सरीच्या तोंडाशी त्यांनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या हाताबरोबर तिचा हातही थरथरायला लागला.

"तितलं न्हाय, बाय."

"का? आजोबा, ती तर आपली घरची आहे ना?"

मी जवळ गेले तेव्हा पाहिलं. पाटाचं तोंड दगड-मातीने गच्च बुजवलं होतं. सरी कोरडी पडून भेगाळली होती, वांग्यांची झाडं माना टाकून उभी होती, फळं झाडावरच सुरकुतली होती. बऱ्याच दिवसांचं काम होतं ते. तसल्या हातांनी एवढे दगड कसे वाहिले असतील, कोण जाणे.

"आप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे?" ते मैत्रीचं मनगट न सोडता म्हणाले. "तू बाटल्या नेल्यास. रिपोर्ट चांगला आला असता तर तू वरडत आली असतीस. सॅम्पलवाल्याचं न्हाय का आठवत तुला? वाईट असलं की त्यो गप व्हायचा."

मैत्री टोपली घेऊन शेळीकडे गेली. आप्पा बुजवलेल्या पाटाकडे बघत उभे राहिले. मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं.

"सुजे, तुझ्या आईला... ह्ये मीच चारलं का गं?"

शब्दांवर माझं पोट आहे. शब्द तोलून वापरायचे, खरं ते बोलायचं, असं मी मुलांना शिकवते. पण त्या क्षणी माझ्याजवळ एकच उत्तर होतं, ज्याचा मी इतकी वर्षं तिरस्कार करत आले आहे ते.

"सांगता येत नाही, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "त्यो डॉक्टर बी असंच म्हणला."

आम्ही घरात आलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथे आईचा माठ असायचा, तिथे रस्त्यावरच्या दुकानातून आणवलेला पाण्याचा निळा जार होता. आप्पांनी तो दोन्ही हातांनी कलता करून तांब्या भरला. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं, आणि सांडलेल्या पाण्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तांब्या त्यांनी माझ्यापुढे धरला. मी सवयीने विहिरीच्या त्या वाक्यासाठी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले.

ते काहीच बोलले नाहीत. मी पाणी प्यायले.